माहेरचा कागद

मुंबईहून इटारसीमार्गे आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग आणि अलाहाबादहून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग १८७० साली जबलपुरात एकमेकांना मिळाले आणि मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे लोहमार्गाने जोडली गेली. या घटनेचे व्यापारी आणि लष्करी महत्त्व पुष्कळ सांगितले गेले आहे. तिचा एक लहानसा घरगुती परिणाम मात्र सहसा कोणी नोंदवत नाही. मुंबईकडच्या मराठी कारकुनांना, तारमास्तरांना आणि कारागिरांना नर्मदेकाठी बदलीचे एक नवे गाव मिळाले. १९०४ मध्ये तेथे तोफगाड्यांचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि या नोकरदारांच्या संख्येत भर पडली. जोशी, देशपांडे, पाटील आले. त्यांच्याबरोबर पेणकर, दिवेकर, रोहेकर, अष्टमकर अशा आडनावांचीही माणसे आली. यातील काहींच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागे आणि शनिवारी चूल पेटत नसे. ही मंडळी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील मराठीभाषक ज्यू.

रेल्वे, टपाल-तार, लष्कर आणि सरकारी कारखाने यांच्या आधाराने हा समाज मुंबईतून कराची, अजमेर, अहमदाबाद, जबलपूर अशा शहरांत विखुरला, आणि १९४८ नंतर त्यातील बहुसंख्य इस्रायलला गेले. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आज भारतात एवढा आटला आहे की, सर्व गटांचे मिळून देशातील ज्यू जनगणनेत पाच हजारही भरत नाहीत. जे गेले त्यांची नातवंडे आता आपल्या घराण्याचा शोध घेत आहेत. हा शोध हौसेचा असता, तर राष्ट्रीय प्रश्नांची चर्चा करणाऱ्या या स्तंभात त्याला जागा देण्याचे कारण नव्हते. पण पुष्कळ वेळा तो हौसेचा नसतो.

उदाहरण कल्पनेतलेच घेऊ, कारण खऱ्या माणसांची कौटुंबिक कागदपत्रे चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार स्तंभलेखकाला नाही. समजा, इस्रायलमधील बीरशेबा शहरातली एक तरुणी लग्नाची नोंदणी करण्यासाठी रब्बींच्या कार्यालयात गेली. इस्रायलमध्ये ज्यूंसाठी नागरी विवाहाची सोय नाही; विवाह धर्मपीठाच्या नोंदवहीतूनच होतो. ज्यू धर्मशास्त्रानुसार अपत्याचे ज्यूपण आईकडून येते. म्हणून अधिकारी तिच्या आईचा केतुबा, म्हणजे विवाहाचा करारपत्रवजा दस्त, मागतो. आईचे लग्न भारतात झालेले आणि तो कागद स्थलांतराच्या धांदलीत गहाळ झालेला. मग प्रश्न आजीकडे जातो. आजी ज्यू होती कशावरून? घरात एवढेच ठाऊक आहे की आजोबा १९३० च्या दशकात जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात कारकून होते आणि आजी ‘अलिबागकडची’ होती. या दोन धाग्यांवर तिने भारतात पत्र लिहायचे आहे. ते कोणाला?

पहिले पत्र अर्थातच कारखान्याला. सरकारी नोकराच्या सेवापुस्तिकेचे पहिले पान हा भारतीय वंशशोधातला सर्वांत दुर्लक्षित ऐवज आहे. नाव, वंश, राहण्याचे ठिकाण, वडिलांचे नाव व ठिकाण, इसवी सनाप्रमाणे जन्मतारीख, नेमकी उंची, शरीरावरील ओळखीच्या खुणा आणि डाव्या हाताच्या बोटांचे ठसे, असे त्या पानाचे रकाने असत. ‘वंश’ या रकान्यात ज्या कारकुनाने ‘ज्यू’ किंवा ‘बेने इस्रायल’ एवढे दोन शब्द लिहिले असतील, त्याने पुढल्या तीन पिढ्यांवर उपकार केले म्हणायचे. पुढे भविष्यनिर्वाह निधीचे नामनिर्देशनपत्र लागते, आणि तेथे पत्नीचे नाव, वय आणि नाते लिहिलेले सापडते.

परंतु सेवापुस्तिका हा कायम जतनाचा दस्तऐवज मानलेला नाही. निवृत्तिवेतनाचा अंतिम आदेश निघाला की काही वर्षांत ती नष्ट करता येते, आणि जागेच्या टंचाईने गांजलेले कार्यालय ही मुभा आनंदाने वापरते. जी उरली असेल तिचा मालक कोण, हा दुसरा प्रश्न. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित झाले आणि त्याचे कारखाने सात नव्या सरकारी कंपन्यांत वाटले गेले; जबलपूरचा तोफगाडी कारखाना कानपूरला मुख्यालय असलेल्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे गेला. आजोबा रेल्वेत असते तरी चित्र फारसे निराळे नसते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली, आणि २००३ पासून जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वे या नव्या विभागाचे मुख्यालय आहे. प्रत्येक पुनर्रचनेत यंत्रे, जमिनी आणि कर्मचारी यांचे हस्तांतर काटेकोरपणे होते. जुन्या दफ्तराचे ‘आहे तसे’ होते. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्राच्या कार्यालयांबरोबर सार्वजनिक उपक्रमांनाही लागू आहे, आणि पंचवीस वर्षांहून जुने, कायम मोलाचे अभिलेख राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवणे त्याला अभिप्रेत आहे. पण कायम मोलाचे म्हणजे काय, हे ठरवताना धोरणाच्या फायली डोळ्यांपुढे असतात. कारकुनाच्या उंचीचा आणि तिळाचा तपशील नसतो.

नागरी नोंदींकडे वळावे, तर जबलपूरचा स्वतःचा असा एक गुंता आहे. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांत व वऱ्हाडात, पुढे जुन्या मध्य प्रदेशात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि उच्च न्यायालय जबलपुरात बसले. त्यामुळे जबलपूरच्या एखाद्या माणसाचा कागद आज नागपूरच्या अभिलेखागारात, भोपाळच्या अभिलेखागारात, जबलपूर महापालिकेत किंवा तेथल्या छावणी परिषदेत, यांपैकी कोठेही असू शकतो. जन्म-मृत्यूची नोंद सर्वांसाठी बंधनकारक करणारा देशव्यापी कायदा १९६९ चा. त्याआधीचा १८८६ चा कायदा प्रामुख्याने ऐच्छिक नोंदणीचा होता. मध्य प्रांताच्या खेड्यांत कोतवाल जन्म-मृत्यूची खबर पोलीस ठाण्यात देई, शहरात नगरपालिका पाही आणि छावणीत छावणीचे अधिकारी. एकाच घरातली तीन भावंडे तीन निरनिराळ्या वह्यांत, आणि चौथे कोठेच नाही, हा अनुभव जुन्या नोंदी शोधणाऱ्या कोणालाही अपरिचित नाही. एका जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात माझ्याच पणजोबांची नोंद विचारायला गेलो, तेव्हा तेथल्या सद्‌गृहस्थांनी मला शांतपणे विचारले होते, ‘‘मृत्यूचा दिवस ठाऊक आहे ना? मग नोंद कशाला हवी?’’

येथे एक तुलना अपरिहार्य आहे. ब्रिटिश अमदानीत भारतात झालेल्या ख्रिस्ती बाप्तिस्म्यांच्या, विवाहांच्या आणि दफनांच्या नोंदींच्या प्रती चर्चकडून प्रांताकडे आणि तेथून लंडनला जात. त्या वह्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि कोणा फिरंगी शिपायाचा पणतू त्या घरबसल्या धुंडाळू शकतो. ख्रिस्ती विवाहांना १८७२ चा कायदा मिळाला, पारशांना त्याआधीच १८६५ चा. ज्यूंच्या विवाहासाठी मात्र ना त्या सरकारने कायदा केला, ना स्वतंत्र भारताच्या संसदेने. त्यांचे विवाह धर्मशास्त्र आणि रूढी यांच्या आधाराने वैध मानले जातात. परिणाम असा की, विवाहाची नोंद सिनेगॉगच्या वहीत राहिली आणि तिची दुसरी प्रत शासनाकडे कधी गेली नाही. जेथे सिनेगॉगच नव्हते, केवळ एखाद्या घराच्या माजघरात दहा पुरुष जमवून प्रार्थना होई, तेथे ही वहीदेखील नसण्याचा संभव अधिक.

यातला एक उपप्रकार विलक्षण आहे. ज्यांना धर्माबाहेर लग्न करायचे असे, त्यांच्यासाठी १८७२ चा विशेष विवाह कायदा होता. परंतु त्याखाली लग्न करताना वधूवरांना आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख वा जैन धर्म मानत नाही, असे लेखी निवेदन द्यावे लागे. म्हणजे अशा एखाद्या आजीचा सरकारदरबारी पक्का, सही-शिक्क्याचा एकमेव कागद मिळाला, तर त्यात ती ज्यू नसल्याचेच लिहिलेले असणार. प्रेमविवाहाची किंमत म्हणून केलेली ती सही नातीपुढे शंभर वर्षांनी पुरावा म्हणून उभी राहू शकते. कायदे करणाऱ्यांनी फॉर्म तयार करताना अशा नातीचा विचार करावा, ही अपेक्षा अवास्तव आहे हे मला मान्य आहे. तरी जनगणनेपासून जातप्रमाणपत्रापर्यंत नवे नमुने तयार करण्याच्या या दिवसांत ती नोंदवून ठेवतो.

आता नावांकडे. बेने इस्रायलांची कुळकथा सांगते की, फार पूर्वी एक गलबत कोकण किनाऱ्यावर अलिबागजवळच्या नवगावापाशी फुटले, सात जोडपी वाचली आणि समुद्राने बाहेर टाकलेले मृतदेह तेथेच पुरले गेले. या कथेला समकालीन लेखी आधार नाही, आणि अठराव्या शतकापूर्वीचे या समाजाविषयीचे लेखी उल्लेख जवळजवळ नाहीतच. पण गावांची नावे मात्र आडनावांत कोरली गेली. किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, चौलचे चेऊलकर, झिराडचे झिराडकर, पेझारीचे पेझारकर. अशी शंभराहून अधिक आडनावे आहेत. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून आसपासचे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटिअरमध्ये त्यांच्यावर स्वतंत्र मजकूर आहे. त्यांचा पहिला मोठा इतिहास लिहिला तो त्यांच्यातीलच हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी. तो १८९७ मध्ये लिहून पूर्ण झाला आणि छापला गेला तेल अवीवमध्ये, १९३७ साली. एका समाजाचा इतिहास चाळीस वर्षे हस्तलिखितात पडून राहावा आणि अखेर त्याला प्रकाशक परक्या देशात मिळावा, हे आपल्या विद्यापीठांना फारसे भूषणावह नाही.

आडनाव हे शोधकाचे सर्वांत मोठे साह्य, कारण ते थेट गावाकडे बोट दाखवते. पण शहरात आल्यावर अनेकांनी तेच आधी टाकले. इंग्रजी शाळेत आणि साहेबाच्या कचेरीत स्वतःचे व वडिलांचे नाव पुरे होई. त्यामुळे सॅम्युएल इझिकेलच्या मुलाचे नाव बेंजामिन सॅम्युएल आणि नातवाचे डेव्हिड बेंजामिन; दर पिढीला ‘आडनाव’ नवे. त्यात नावांचीही रूपे तीन. १७९६ मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग उभारणारे, कंपनीच्या सैन्यातील देशी अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे लोकांच्या तोंडी सामाजी हसाजी होते. सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी ही कोकणातली रूपे. कचेरीत इंग्रजी रूप. आणि इस्रायलच्या विमानतळावर त्याच माणसाचा श्मुएल किंवा यहेज्केल होतो. मशिनीने अक्षरे जुळवून शोध घेणाऱ्या कोणत्याही संगणकीय सूचीला ही तीन माणसे एकच आहेत हे कळत नाही. कोकणातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला ते क्षणात कळते. पण शेजारी टिकत नाहीत आणि सूची टिकते.

हे सारे झाले पुरुषांचे. बीरशेबाच्या तरुणीला आजोबांची वंशावळ सातव्या पिढीपर्यंत सापडली तरी तिचे काम होत नाही. तिला हवी आहे आजी, आजीची आई, शक्य तर तिचीही आई. आणि नेमके हेच आपल्या दफ्तरात नाही. सेवापुस्तिकेत वडिलांचे नाव. सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यात, मतदारयादीत वडिलांचे किंवा पतीचे. केतुबातही वधूची ओळख तिच्या वडिलांच्या नावाने असते. मराठी रिवाजाप्रमाणे लग्नानंतर बाईच्या नावापुढे नवऱ्याचे नाव आणि आडनाव लागते, की तिचे माहेर कागदावरून पुसले जाते. भारतीय दफ्तर बापाची साखळी जपते आणि तिच्याकडे मागितली जाते आईची साखळी. पुरावा नाही असे म्हणताना हा विसंवाद लक्षात घेतला जात नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

ही तक्रार नवी नाही. इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने ऑक्टोबर १९६१ मध्ये बेने इस्रायलांशी विवाह निषिद्ध मानण्यास आधार नसल्याचा निर्वाळा दिला, आणि पाठोपाठ फेब्रुवारी १९६२ मध्ये विवाहनोंदणी अधिकाऱ्यांना निर्देश पाठवले. या समाजातील अर्जदाराची आई, आईचे आईवडील, आणि त्याही मागे शक्य होईल तेवढ्या पिढ्या ज्यू होत्या काय, हे तपासा. आईबाप किंवा आजीआजोबांपैकी कोणी घटस्फोटानंतर पुनर्विवाह केला होता काय, हेही पाहा, असा त्यांचा आशय होता. हे निर्देश नाव घेऊन एकाच समाजाला लागू होते. भारतातून नुकत्याच आलेल्या, हिब्रू अजून धड न येणाऱ्या तेल्यांच्या आणि कारकुनांच्या मुलांकडून आजीच्या आजीचा दाखला मागितला गेला. मोर्चे निघाले, धरणी धरली गेली, प्रकरण त्या देशाच्या संसदेत पोचले. ऑगस्ट १९६४ मध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारच्या काळात नेसेटने विशेष बैठकीत बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे ठासून सांगितले. त्यानंतर निर्देशांतून समाजाचे नाव गेले आणि ज्याच्याविषयी शंका असेल त्या कोणाचीही चौकशी करावी, असे रूप त्यांना मिळाले. अपमान गेला, तपासणी राहिली.

त्या लढ्यातला एक बारकावा येथे महत्त्वाचा आहे. बेने इस्रायल तेव्हा कागद दाखवून जिंकले नाहीत. तेवढे कागद त्यांच्यापाशी नव्हते आणि असणे शक्यही नव्हते. सिनेगॉग, दफनभूमी, सुंता, शनिवार, मलिद्याचा विधी अशी एका समाजाची शतकांची वहिवाट हाच पुरावा मानावा, असे ते म्हणत राहिले. अखेर मान्यता मिळाली ती समाजाला, एकेकट्या माणसाला नाही. आणि समाज तेथे एकत्र होता तोवर ती पुरलीही. आज ज्याचे आईवडील जबलपूरसारख्या गावी समाजापासून दूर, मिश्र विवाहात वाढले, त्याच्यामागे समाजाची साक्ष तेवढीशी उभी नसते आणि तो पुन्हा कागदाकडे ढकलला जातो. इस्रायलचा १९५० चा परतीचा कायदा १९७० च्या दुरुस्तीने ज्यू व्यक्तीच्या नातवंडांनाही नागरिकत्वाचा हक्क देतो, मग तो आजा बापाकडचा असो वा आईकडचा. म्हणजे तोच मनुष्य नागरिक होऊ शकतो आणि लग्नाच्या खिडकीवर परका ठरू शकतो. दोन खिडक्यांना दोन निरनिराळे पूर्वज दाखवावे लागतात.

अनेकांना वाटते की, आता या साऱ्यावर डीएनए हा उतारा आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतील व इस्रायलमधील संशोधकांनी बेने इस्रायलांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील नमुने अवघे १८ व्यक्तींचे होते, हे विसरता कामा नये. निष्कर्ष असा की, या समाजात ज्यू आणि भारतीय दोन्ही वारसे भरघोस आहेत, त्यांचे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे असावे, आणि ज्यू वारसा प्रामुख्याने पुरुषांकडून आला असावा. वृत्तपत्रांनी ‘दंतकथा खरी ठरली’ असे मथळे द्यावेत असाच हा निकाल. पण धर्मपीठाच्या कसोटीवर तो उलटा पडतो! पुरुष समुद्रापलीकडून आले आणि स्त्रिया कोकणच्या मातीतल्या, असे जर विज्ञान म्हणत असेल, तर आईकडून ज्यूपण मोजणाऱ्या अधिकाऱ्याला ते कशाचे प्रमाणपत्र देणार? कोणत्याही एका व्यक्तीच्या विवाहहक्काचा निकाल लोकसंख्येच्या सरासरीवरून लावणे अशास्त्रीय आहे, हे तर वेगळेच. घरपोच मिळणाऱ्या चाचणीच्या डबीत थुंकण्यापूर्वी निदान आपण कोणता प्रश्न विचारतो आहोत, हे माणसाला ठाऊक असावे.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे सारे दूरदेशीचे वाटू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील ‘कुणबी’ नोंदी शोधण्यासाठी महसुली दफ्तरे, शाळांची जनरल रजिस्टरे, कोतवाल बुके, तुरुंगाच्या वह्या उघडल्या गेल्या. मोडी वाचणारे जाणकार शोधून आणले गेले. जातपडताळणीत नातेवाइकाचा पुरावा ग्राह्य धरतात तो वडिलांकडील रक्तनात्याचा, हे आरक्षणाच्या रांगेत उभे राहिलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. आईने एकट्याने वाढवलेल्या मुलांचे खटले न्यायालयांपुढे येतात ते याच कारणाने. राजकीय निकड निर्माण झाली की, शंभर वर्षांपूर्वीची कोतवाल बुकेही धूळ झटकून बाहेर येतात, हे या मोहिमेने सिद्ध केले. ज्यांच्या मतांनी एकही प्रभाग हलत नाही, त्यांच्यासाठी तीच बुके पुन्हा मिटलेली असतात.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये आणि गुजरातने २०१८ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. केंद्राच्या सूचीत १९९३ मध्ये पाच धर्म होते, २०१४ मध्ये जैन धर्म आला. ज्यू अद्याप नाहीत. जनगणनेच्या मुख्य तक्त्यात ते ‘अन्य धर्म’ या गाठोड्यात असतात. शिष्यवृत्ती किंवा संस्थाचालनाच्या सवलती एवढ्या लहान समाजाला कितपत उपयोगी, याविषयी शंका घेता येईल. माझ्या मते त्या दर्जाचा खरा उपयोग नोंदींसाठी व्हायला हवा. कोकणातील सिनेगॉगे एकामागून एक निर्मनुष्य होत आहेत. रेवदंड्याचे १८४२ चे, अलिबागचे १८४८ चे. त्यांच्या वह्यांचे छायाचित्रण, दफनभूमींतल्या हिब्रू, मराठी व इंग्रजी अशा लिप्यांतल्या दगडांचे वाचन, आणि सामाजी-सॅम्युएल-श्मुएल यांना एका ओळीत बसवणारी नावांची सूची: यासाठी लागणारा खर्च एखाद्या पुतळ्याच्या चौथऱ्याइतकाही होणार नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आहे, भोपाळला त्याचे प्रादेशिक कार्यालय आहे. सेवापुस्तिकेचे निदान पहिले पान नष्ट करण्याआधी त्याची प्रतिमा घेऊन ठेवावी, एवढा एक बदल नियमांत केला तरी तो ज्यूंच्या पलीकडे, अँग्लो-इंडियनांपासून गिरमिटियांच्या भाऊबंदांपर्यंत, कित्येकांच्या कामी येईल.

जनगणनेचीही एक संधी हुकत आली आहे. ब्रिटनने १९२१ च्या जनगणनेतील घरोघरच्या नोंदी शंभर वर्षे उलटल्यावर, जानेवारी २०२२ मध्ये खुल्या केल्या. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याचे पंधरावे कलम घरनोंदी पाहण्यास मनाई करते आणि त्या पुराव्यातही ग्राह्य नाहीत. तक्ते तयार झाले की मूळ पत्रके जपण्याची प्रथा नव्हती. जिवंत माणसाच्या गोपनीयतेसाठी ते कलम आवश्यकच आहे. मात्र २०२७ ची गणना संगणकीय पद्धतीने होणार असताना शतकानंतर त्या नोंदींचे काय करायचे, याचा विचार आताच व्हायला हरकत नाही.

तोवर त्या तरुणीने काय करावे? मी तिला जबलपूरचा नाद काही काळ सोडायला सांगेन. आजोबांचा कागद जबलपुरात असेल. आजीचा तेथे असण्याचे कारण नाही. मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी, ही कोकणातल्या मराठी घरांची रीत बेने इस्रायल कुटुंबांतही होती. म्हणजे आजोबांच्या सर्वांत थोरल्या अपत्याचा जन्म जबलपूरच्या वहीत शोधून न सापडल्यास ती निराशेची नव्हे, आशेची खूण समजावी. तो जन्म बहुधा अलिबागच्या, पेणच्या किंवा मुंबईच्या वहीत नोंदवलेला असेल, आणि तेथे लिहिलेला पत्ता हाच आजीच्या वडिलांचा उंबरा.

दुसरे पत्र न्यायालयाकडे. ज्यूंना वारशाच्या बाबतीत भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. आधी १८६५ चा आणि पुढे १९२५ चा. या कायद्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखाच. त्यामुळे आजीचा बाप काही मागे ठेवून वारला असेल आणि त्याच्या मालमत्तेसाठी वारसापत्राचा अर्ज झाला असेल, तर त्या अर्जात त्याच्या मुलग्यांबरोबर मुलींची नावे, वये, नवऱ्यांची नावे आणि राहण्याची गावे लिहावीच लागली असतील. विधवेचे, म्हणजे आजीच्या आईचे, नावही तेथेच. एखाद्या घराची चौथाई, टपाल बचत खात्यातले काही रुपये, एक घाणा, एवढ्याचीच ती मिळकत असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या किंवा अलिबागच्या जिल्हा न्यायालयाच्या जुन्या दफ्तरात, ‘मुलगी, विवाहित, हल्ली मुक्काम जबलपूर’ अशी एक ओळ तिने शोधावी.